पंचायतीपर्यंत फायबर आलं, वाडीपर्यंत कोण आणणार?

सडेकर (धागालेखक)

आमच्या कोकणातल्या ग्रामपंचायतीपुढे सध्या एक प्रस्ताव आहे. एका खाजगी इंटरनेटवाल्याला पंचायतीतली एक खोली, तिथलं विजेचं कनेक्शन आणि गावातून खांब टाकायची परवानगी द्यायची. बदल्यात त्याने सगळ्या वाड्यांना फायबर जोडून द्यायचं. ग्रामसभेत यावरून चांगलीच जुंपली आणि विषय पुढच्या सभेवर गेला. इथे दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतची मंडळी आहेत, काहींनी हे काम हाताने केलंय, म्हणून धागा काढतोय.

आधी थोडा इतिहास. ज्यांना पाठ आहे त्यांनी सरळ प्रतिसादांकडे वळावं.

गावागावांत तार न्यायचा पैसा तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच जातो. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे ५ टक्के सरकार या कामासाठी बाजूला काढतं. २००२ पासून हा निधी आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' झालं. याच पैशातून २०११ साली अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर झाली, तीच पुढे 'भारतनेट'. पहिल्या एक लाख पंचायती व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतलं, 'महानेट' नावाने. जून २०२१ मध्ये केंद्राने १६ राज्यांसाठी सार्वजनिक-खाजगी भागीदारीचा आराखडा आणला: एकूण २९,४३० कोटी, त्यातले १९,०४१ कोटी तूट भरून काढायला सरकार देणार. महाराष्ट्र त्या १६ मध्ये नव्हता, आणि जी राज्यं होती तिथेही ती निविदा बारगळली. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रम आला, १,३९,५७९ कोटींचा. त्यात कंत्राटदाराने नुसती तार टाकून निघून जायचं नाही, दहा वर्षं सांभाळायचीही, अशी अट आहे.

आता मुद्दा. हे सगळे आराखडे गाव म्हणजे नकाशावरचा एक ठिपका समजून बांधलेत. घाटावर ते खपून जातं. देऊळ, शाळा, पंचायत, घरं सगळं हाकेच्या अंतरात. आमच्याकडे एकाच महसुली गावाची एक वाडी खाडीला लागून, दुसरी सड्यावर (वरच्या कातळपठारावर), तिसरी व्हाळापलीकडे (ओढ्यापलीकडे). पंचायतीतला फायबरचा डबा लुकलुकला की कागदावर गाव जोडलं गेलं. तो डबा कसा दिसतो तेही सांगतो: ग्रामसेवकांच्या कपाटाच्या वर, खिडकीच्या फटीतून आत आलेली काळी तार, बाजूला बॅटरी फुगलेली, आणि त्यावर मतदार याद्यांचे गठ्ठे. कार्यालयाला कुलूप लागलं की इंटरनेटलाही कुलूप. लाइट गेली की विषयच संपला, आणि जून ते सप्टेंबर लाइट कधी असते ते इथे सांगायला नको.

माझं मत असं की खाजगी भागीदार घ्यायला हरकत नाही. पण करार तार टाकण्याचा नको, तार चालू ठेवण्याचा हवा. तसा करार पंचायतीच्या पातळीवर कुणी केलाय का? काय लिहिलं होतं?

खाडीपलीकडे

रुमाल टाकून जागा धरून ठेवतो. सवडीने लिहितो.

घारेगोमटे

खाजगी भागीदारी म्हटलं की मी गुहागरचा असल्याने मला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्पच आठवतो. वीज मंडळाने वीज घ्यावी किंवा न घ्यावी, क्षमतेचे पैसे द्यायचेच, असा तो करार. पहिला टप्पा १९९९ ला सुरू झाला, २००१ ला बंद पडला. जमीन आमची गेली, भांडण लंडन-मुंबई-दिल्लीत चाललं. तेव्हा 'चालू ठेवण्याचे पैसे द्या' हे ऐकायला गोड आहे, पण क्षमतेचे पैसे बांधून देणं म्हणजे काय असतं ते आम्ही बघितलंय.

दुसरं, २०२१ च्या निविदेचं काय झालं यातच उत्तर आहे. १९ हजार कोटी सरकार देतंय तरी धंदा होईना, तर तुमच्या पंचायतीच्या एका खोलीवर तो कसा होणार? आणि ते हरिसाल विसरू नका. मेळघाटात मोठ्या कंपनीच्या मदतीने पहिलं डिजिटल गाव म्हणून २०१६ ला गाजावाजा झाला, २०१९ च्या प्रचारसभांत त्याचेच व्हिडिओ पडद्यावर दाखवून वाभाडे निघाले.

सडेकर

@घारेगोमटे, एन्रॉनचा दाखला उलटा लागू होतो. तिथे वीज वापरली नाही तरी पैसे द्यायचे होते. मी म्हणतोय की तार चालू असेल त्या दिवसांचेच पैसे, किंवा सवलत, द्यायची. बंद असेल तर कापायची. पैसे कशाचे मोजायचे हाच तर प्रश्न आहे. आजवर बहुतेक कामांत टाकलेल्या तारेचे किलोमीटर मोजले गेले. किलोमीटर एकदा मोजून झाले की पुन्हा त्या तारेकडे बघायला कुणाला काय पडलंय?

जोडणीवाला

धागा आमच्याच पोटापाण्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. आधी केबल टीव्ही, आता फायबर. कुठला तालुका ते सांगत नाही, गिऱ्हाइकं इथे आहेत.

जमिनीखालून तार न्यायची तर भारतनेटच्या कामात ठरलेली खोली १.६५ मीटर. जांभ्यात एवढा चर मारून बघा. वरची माती वीतभर, खाली कातळ. म्हणून मग चर अर्धाच होतो, वरून सिमेंट पसरतात, आणि पुढच्या वर्षी पाण्याच्या लाइनवाला किंवा रस्तेवाला जेसीबी फिरवतो की गेली. महामार्ग रुंदीकरणात काय काय तुटलं ते सगळ्यांनी भोगलंय.

वरून न्यायची तर खांब लागतात. खांबावरून नेली की माडाची झाप पडते, वानरं झोके घेतात, काजूच्या बागेत वणवा लागला की अख्खी वितळते. तरीही मी म्हणेन कोकणात वरूनच न्या. वरची तार तुटली तर दिसते. मी मदतीला पोरगा घेऊन जातो, शिडी लावतो, दोन टोकं सोलून स्पिरिटने पुसतो, मशीनमध्ये धरतो, पडद्यावर दोन्ही काचेच्या रेघा एका ओळीत आल्या की ठिणगी पडते आणि जोड बसतो. पाऊस असेल तर वर एकाने छत्री धरायची; जोडात दमट हवा गेली की सिग्नल कमी पडतो आणि महिन्याभरात तोच माणूस पुन्हा फोन करतो. जमिनीखाली तुटली तर आधी कुठे तुटली ते शोधण्यातच दिवस जातो, आणि शोधायचं यंत्र सगळ्यांकडे नसतं.

आता हिशेब. समजा वाडी वीस घरांची. त्यातली आठ बंद, माणसं मुंबईला. चार घरांत म्हातारी माणसं, मोबाइलवर भागतं. राहिली आठ, त्यातली पाच कनेक्शन घेतील. त्या पाचांसाठी दोन किलोमीटर तार, चाळीस-पन्नास खांब. महिन्याच्या बिलातला वाटा वरच्या कंपनीला द्यायचा. हे गणित कधीच बसत नाही. पेठेतल्या गिऱ्हाइकांवर वाडीचा खर्च निघतो. तुमच्या प्रस्तावातल्या गृहस्थांनी 'सगळ्या वाड्या' लिहून दिलं असेल तर एक तर त्यांनी वाड्या पाहिलेल्या नाहीत, नाहीतर पेठ जोडून बाकीचं विसरायचा विचार आहे. खांब फुकट मिळाले तर मात्र गणित बदलतं. आमचा निम्मा खर्च खांब आणि चर यातच जातो.

माडबनात

माका एक सांगा, खांबो पुरूक जमीन कोणाची? आमच्या सात-बाऱ्यार छत्तीस नावां. त्यातले धा वरती गेले, पंधरा मुंबैक, एक दुबैक. एका चुलत्याची सय मिळाली तर दुसरो म्हणता 'माझ्या कलमाच्या बुंध्यात ताण नको'. लायटीचो खांबो आजोबांच्या वेळचो, तेचो खटलो अजून चालू आसा. तुमचो तो करार कितीय चांगलो असू दे, पाणंदीतल्या पयल्या वळणार आमची भाऊबंदकी उभी आसा.

(हलके घ्या. पण खोटां न्हय.)

घारेगोमटे

@माडबनात, हसून हसून मेलो. खरं आहे. २०२४ चे मार्गाधिकाराचे, म्हणजे तारा-खांब न्यायच्या परवानगीचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत, त्यात परवानग्यांची पद्धत वेळेत बांधून दिलीय. पण ऑनलाइन अर्जाने आमच्या काकांची समजूत कशी निघणार?

निवांतवाडी

मी घरगुती मुक्काम चालवते, समुद्रापासून जवळ. ताटात काय आहे हे विचारायच्या आधी पाहुणे पासवर्ड विचारतात. आरक्षण, पैसे, नकाशा, सगळं त्यावर. नेट गेलं की रोख मागावी लागते आणि पाहुण्याच्या खिशात रोख नसते. गेल्या मे महिन्यात एका कुटुंबाने जाताना गाडी काढून मोठ्या रस्त्यावर जाऊन पैसे पाठवले, भले लोक म्हणून.

मला खांबांबद्दल लिहायचंय. आमच्या पाणंदीत आज तीन तारा आहेत. एक केबलवाल्याची, दोन वेगवेगळ्या इंटरनेटवाल्यांच्या, प्रत्येकाचे खांब वेगळे. त्यातला एक वर्षभर चालवून निघून गेला, खांब तसेच गंजतायत, वाकलेत. पुढचा आला तो म्हणतो त्यांचे खांब मी वापरू शकत नाही. पंचायतीने स्वतः खांब टाकले आणि जो येईल त्याला भाड्याने दिले तर? रस्ता आपण बांधतो, त्यावर एसटी, रिक्षा, टेम्पो कुणीही चालवतं, तसं. माडबनातांच्या भाऊबंदांची सही पण एकदाच घ्यावी लागेल, दर कंपनीमागे नाही.

जोडणीवाला

@निवांतवाडी ताई, शंभर टक्के. केरळमध्ये वीज मंडळाच्याच खांबांवरून सरकारी फायबर नेलं, के-फोन म्हणून, ५ जून २०२३ ला सुरू झालं. त्या कंपनीत वीज मंडळच भागीदार आहे, त्यामुळे खांबाचं भांडण घरातल्या घरात मिटलं. आपल्याकडे खांब एका खात्याचा, रस्ता दुसऱ्याचा, बाग चुलत्याची.

बोरिवली_ते_बाव

चाकरमानी म्हणून एक बाजू. आम्हाला गावी राहून काम करायचंय. गणपतीत आणि मे महिन्यात तरी. मला फायबरच कशाला हवं हे कळत नाही. टॉवर वाढवा, घरावर डबा लावा, हवेतून नेट. खांब नकोत, चुलते नकोत. आणि उपग्रहाचं नेट येतंयच की. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्रही केलंय.

खाडीपलीकडे

रुमाल उचलतो. मी दूरसंचार खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. बोरिवलीकर, इरादापत्रात प्राधान्याने नाव गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिवचं होतं. आपलं नाही. आणि टॉवरला नेट कुठून येतं? त्यालाही मागे फायबरच लागतं. ते नसेल तर टॉवरवरून टॉवरवर रेडिओने उड्या मारत आणायचं, आणि गणपतीत अख्खी मुंबई गावी उतरली की त्या एका उडीवर सगळे तुटून पडतात. रांगोळी झाली, मखर झालं, व्हिडिओ कॉल लागत नाही, हे त्यामुळे. समोरासमोर दिसणाऱ्या रेडिओचं म्हणाल तर आमच्या भागात एका वाडीतून दुसरी दिसली तर नवल. मध्ये डोंगर, नाहीतर फणस.

आता वादळाचं सांगतो कारण ते कुणी काढलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली. विजेचे खांब तर आडवे झालेच, पण वीज परत यायला काही गावांत कित्येक आठवडे लागले. टॉवर उभे होते तरी मुके होते, कारण बॅटरी काही तासांची आणि डिझेल पोचवायला रस्ता नाही. लोक घरचं माणूस जिवंत आहे का हे कळवायला चालत पुढच्या गावी जात होते. पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. आमच्या वेळच्या तांब्याच्या फोनला वीज एक्सचेंजमधूनच जायची, एक्सचेंजला मोठी बॅटरी आणि जनरेटर असायचा, घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरच्या घरातल्या डब्याला घरातली वीज लागते. तेव्हा करारात बॅटरी कुणाची, बदलणार कोण, किती तासांची, हे आधी लिहा. वेगाचं नंतर बघा.

दुसरी गोष्ट, कडी. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून एकच सरळ ओळ गावागावांतून गेली. मध्ये तुटली की पुढची सगळी गावं बंद. सुधारित भारतनेटमध्ये पंचायती कडीने जोडायच्या आहेत, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने येईल. कागदावर सुंदर. पण कोकणात दुसरी बाजू कुठली? एक महामार्ग, एक सागरी मार्ग, मध्ये खाड्या. बाणकोट, दाभोळ, जयगड इथे आजही गाडी फेरीबोटीत चढवावी लागते, नाहीतर लांबचा वळसा. एकाच पुलावरून दोन्ही तारा नेल्या आणि कडी झाली म्हटलं तर पूल खचला की दोन्ही गेल्या. कंत्राटदाराला विचारा: कडीची दुसरी बाजू कुठल्या रस्त्याने येते? नकाशा टेबलावर ठेवा म्हणावं.

घारेगोमटे

फेरीबोट हा चांगला दाखला मिळाला. दाभोळ-धोपावे बोट खाजगी आहे, जेटी सरकारी, आणि ती वर्षानुवर्षं चालते. कारण पैसे रोज माणशी, गाडीमागे येतात, आणि बोट बंद असली तर दोन्ही काठांवरून दिसते. मी भागीदारीच्या विरोधात नाही हो. भागीदार कशावर जगतो ते बघा एवढंच म्हणणं.

सडेकर

म्हणजे आपण एकाच जागी आलो की.

घारेगोमटे

हो, पण तुम्ही लांबच्या वळशाने आलात.

माजी_सरपंचबाई

उशिरा आले, सगळा धागा वाचला. माझ्या कार्यकाळात आम्ही असा करार केला होता. कुणाशी ते लिहीत नाही. पहिल्या वर्षी छान चाललं, मग त्यांचा माणूस बदलला, मग फोन उचलणं बंद. आम्ही कागद काढून बघितला तर त्यात 'सेवा पुरवण्याचा प्रयत्न करील' असं लिहिलेलं. प्रयत्नाला दंड काय लावणार? खोली मात्र आमचीच, वीजबिलही आम्हीच भरलं.

सडेकर, तुमच्या सभेसाठी सांगते. एक, मक्तेदारी देऊ नका. 'गावात दुसऱ्याला परवानगी देणार नाही' हे वाक्य मसुद्यात कुठेतरी शेवटी घुसवलेलं असतं, शोधा. खांब मुदत संपल्यावर पंचायतीचे होतील हे लिहून घ्या, आणि मुदतीच्या आधी सोडून गेला तर त्याच दिवशी होतील हेही. वाड्यांचा क्रम करारातच टाका आणि सर्वांत लांबची वाडी पहिल्या तिमाहीत धरा. पेठ तो आपोआप करतो, त्यासाठी कराराची गरज नाही. लांबची वाडी म्हणजे आपल्याकडे कुणाची वाडी हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याच्या लाइनीला आणि रस्त्यालाही तीच शेवटी राहते. ग्रामसभेत हे मोठ्याने बोलायची तयारी ठेवा, कुरकुर होईल.

शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि रेशन दुकान यांची जोडणी भाड्याऐवजी घ्या. रेशनच्या मशीनला सिग्नल मिळाला नाही की म्हातारी माणसं अंगठा पुसून पुसून दमतात, आणि दुकानदार मशीन घेऊन सड्यावर जातो. ई-पीक पाहणीला शेतकरी बागेत उभा राहून फोटो काढतो आणि अपलोड करायला घरी नाही, एसटी थांब्यावर येतो. तेव्हा एसटी थांब्यावर एक वाय-फाय ठेवा. डिसेंबर २०२० पासून पीएम-वाणी योजना आहे, किराणा दुकानदारसुद्धा परवाना न घेता वाय-फाय विकू शकतो, पूर्वीच्या एसटीडी बूथसारखं. आमच्या दुकानदाराने तयारी दाखवली होती, पण मागचं कनेक्शनच धड नव्हतं.

आणि दुरुस्तीचा माणूस गावचा असू दे. ही अट सगळ्यांत महत्त्वाची. आयटीआय झालेली पोरं आहेत, त्यातला एक, पोरगी असली तरी चालेल, जोड मारायला शिकवा, त्याचा महिन्याचा पगार भागीदाराने द्यायचा आणि हजेरी पंचायतीत लावायची.

जोडणीवाला

बाई, पोरगा शिकवला की सहा महिन्यांत पुण्याला जातो. अनुभव आहे. पगारापेक्षा वाटा द्या. त्याच्या वाडीतल्या चालू कनेक्शनमागे महिन्याला काही रक्कम. तार बंद पडली तर त्याचेच पैसे बुडतात, मग तो भर पावसात पण शिडी काढतो. भारतनेटच्या उद्यमींनाही (गावात जोडण्या देणाऱ्या स्थानिकांना) महसुलात निम्मा वाटा द्यायची पद्धत त्यामुळेच आणली.

माडबनात

झील शिडी काढीत, पण चुलत्याच्या बागेत कोण सोडीत?

माजी_सरपंचबाई

@माडबनात, म्हणून तर गावचा हवा. कंपनीच्या माणसाला कुत्रा सोडतात, पुतण्याला चहा देतात. शिव्या घालून का होईना.

बोरिवली_ते_बाव

माझा बाळबोध प्रश्न. मी वर्षाला दोन महिने गावी असतो. बाकी दहा महिने बिल कशाला भरू? आणि भरलं नाही तर जोडणीवाल्यांचं गणित बसत नाही म्हणतात.

जोडणीवाला

वर्षाची पट्टी ठेवा कमी दराची, बंद घरासाठी, आणि चालू महिन्यांचं पूर्ण बिल. मी आठ-दहा घरांना तसं करून दिलंय. वरच्या कंपनीची तशी योजना नाही, मी माझ्या वाट्यातून सोसतो. करारात घातलं तर बरं होईल. कॅमेरा लावलेली बंद घरं वाढतायत, ते लोक बाराही महिने भरतात बघा. देवाला नाही तेवढं लक्ष आंब्याच्या चोरीवर असतं.

सडेकर

सगळ्यांचे आभार. पुढची ग्रामसभा पंधरवड्यात आहे. खांब पंचायतीचे आणि भाड्याने, हा मुद्दा मी मांडणार. पैसे कुठून हे विचारतीलच. वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाचं बंधन नसलेल्या) निधीतून काही भाग बसतो का ते ग्रामसेवकांशी बोलतो. तो निधी आधीच गटार, दिवाबत्ती आणि स्मशानशेडमध्ये वाटून गेलेला असतो, त्यामुळे एका वर्षात सगळ्या वाड्या होणार नाहीत. लांबच्या वाडीपासून सुरुवात हे मात्र ठरावात घालायचा प्रयत्न करीन. माजी सरपंचबाई, तुमच्या जुन्या कराराची प्रत, नावं खोडून, मिळेल का? कुठे फसलो ते दाखवायला बरी पडेल. आणि खाडीपलीकडे काका, बॅटरीचं कलम नेमकं कसं लिहायचं?

खाडीपलीकडे

व्यक्तिगत निरोपात टाकलंय. बॅटरी भागीदाराची, वीज गेल्यावर किमान आठ तास, पावसाळ्याआधी मे महिन्यात पंचायतीसमोर वीज बंद करून चाचणी, नापास झाली तर पंधरा दिवसांत बदल. दंडाचा आकडा रिकामा ठेवलाय, तो सभेत भांडून भरा.

माजी_सरपंचबाई

प्रत पाठवली. पान चार, कलम अकरा बघा. 'प्रयत्न' हा शब्द तिथे आहे.